रिकामी वलांडी

बंदरावर बर्फ नवा नवा आला होता, त्या दिवसांतली गोष्ट. धनुबाई कोळणीच्या अंगणात एक बर्फाची पेटी होती आणि बोंबील सुकवायची बांबूची जुनी वलांडी होती. पेटीतून पापलेट, सुरमई असा उंची माल शहरात जायचा. वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने उन्हात लटकायचे.

"धनुबाय, ही वलांडी मोडून चुलीत घाल," पेटी म्हणाली. "तिच्या जागी दुसरी पेटी आण."

धनुबाईने कोयता उचललाही. पण टोपलीभर ताजे बोंबील टांगायचे होते, म्हणून मोडणं राहून गेलं.

पावसाळा आला. दर्या खवळला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या, मासळीविना पेटी पालथी पडून राहिली. वलांडीवर सुकलेले बोंबील धनुबाईने डब्यात भरून ठेवले होते. त्यांच्या कालवणावर घर रोज पोटभर जेवलं.

नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊन धनुबाई परतली. तिने होडीला हळदकुंकू वाहिलं, पेटीला वाहिलं, आणि वलांडीपुढे मात्र डोकं टेकलं.

पेटी फणकारली, "हिचा एकही बोंबील उरला नाही. हिला कसला एवढा मान?"

"बोंबील उरले नाहीत," धनुबाई म्हणाली, "म्हणून तर आम्ही उरलो."