दुसरी भाकर

“…आणि त्यांनी विचारलं, कुठं शिकलात, तर मी काय सांगू, भन्ते?”

वनमाला गजभिये विहाराच्या ओसरीत खाली बसली होती. हातातल्या रुमालाची तिनं पिळून पिळून पार दोरी केली होती.

वृद्ध भन्ते शीलरक्षित ओट्यावर बसून फाटक्या चीवराला टाके घालत होते. मान वर न करता म्हणाले, “खरं ते सांग.”

“खरं सांगितलं तर हसतील जी. नववी नापास. शाळेचे गणवेश शिवते. आईबाबा दोघंही मूकबधिर, म्हणून हातांनी बोलता येतं. बस, एवढंच.”

गोष्ट अशी होती. दोन महिन्यांपूर्वी ती सरकारी दवाखान्यात खोकल्याचं औषध आणायला गेली होती. तिथं एक मूकबधिर मुलगी बाळंतपणाच्या कळांनी तळमळत होती. डॉक्टरबाई ओरडून ओरडून समजावत होत्या आणि त्यांचं ओरडतं तोंड बघून ती पोर जास्तच घाबरत होती. वनमाला आत शिरली आणि हातांनी बोलू लागली. तेव्हापासून दवाखान्यातून बोलावणी येऊ लागली. आता दुभाष्याची कायमची जागा निघाली होती. सोमवारी मुलाखत होती.

“दुसरा उमेदवार पदविका घेऊन आलाय. मी काही जात नाही. आपली मशीन बरी.”

सुई कापडातून जात राहिली…

मग भन्ते म्हणाले, “तुझी आई नऊ वर्षं मला जेवण आणून देते. मी दर वेळी तिला विचारतो, तुम्ही जेवलात का.”

“कसं विचारता?”

भन्तेंनी पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली.

वनमालानं झटकन पदर तोंडाला लावला.

“काय झालं?”

“काही नाही, भन्ते.”

“सांग.”

“आमच्या घरी त्याचा अर्थ… मला भूक लागली. आई घरी येऊन सांगते, भन्तेंचं एका भाकरीत भागत नाही. काहून म्हणते, ते आज कळलं.”

सुई थांबली.

“म्हणून ती दुसरी भाकर वाढते?”

“हो जी.”

“आणि दान नाकारू नये म्हणून मी ती खातो!” भन्तेंचे खांदे हलू लागले. “भिक्खूनं मागायचं नसतं, वनमाला. मी नऊ वर्षं मागतोय.”

दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मग भन्तेंनी चीवर बाजूला ठेवलं. ओट्यावरून हळूहळू खाली उतरले आणि तिच्यासमोर चटईवर बसले.

“भन्ते, तुम्ही खाली नका ना…”

“दाखव.”

“आधी समोरच्याकडं बोट. मग घास. मग दोन्ही हात झटकायचे, म्हणजे झालं. आणि भुवया वर. भुवया उचलल्या नाहीत तर प्रश्न होत नाही.”

भन्तेंनी केलं.

“आता तुम्ही म्हणालात, जेवण संपलं, निघा.”

भन्तेंनी पुन्हा केलं.

“घास इतका मोठा नाही. आई रागावेल.”

पुन्हा.

“भुवया, भन्ते, भुवया! डोळे काय वटारता?”

या विहारात तिचा आवाज असा कधी चढला नव्हता. रुमाल कधीच चटईवर पडला होता. आठव्यांदा भन्तेंच्या पांढऱ्या भुवया नेमक्या वेळी वर गेल्या.

“हां! आता कळेल आईला.”

आणि मग आपण कुणाला दटावत होतो, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं मान खाली घातली.

“चुकलं, भन्ते…”

भन्ते ओट्यावर परत गेले नाहीत. चटईवरच बसून राहिले.

“मग सोमवारचं…” ती हळूच म्हणाली.

“उद्या तुझ्याकडं शिकायला मी किती वाजता येऊ?” भन्तेंनी विचारलं.