भैरोबासमोरची काळी भिंत

सगुणीच्या घरी दोन वेळची भाकरी फक्त सणाला. बाप नव्हता. आई डोंगरातून मोळ्या आणून विकायची आणि इवलीशी सगुणी भैरोबाचं देऊळ झाडायची. त्याचं काय मिळायचं? मूठभर तांदूळ अन् खोबऱ्याचा तुकडा. तोही ती दारातल्या लंगड्या मांजरीबरोबर वाटून खायची.

देवळात देवाच्या अगदी समोर एक भिंत होती. फार फार मागं एका चिताऱ्यानं तिच्यावर अख्खं गाव काढलं होतं. पुढं लोकांनी तिच्यापाशी दिवे लावले, लावतच राहिले, अन् चित्र काळंठिक्कर करून टाकलं. भक्ती केली, डोकं वापरलं नाही. सगुणी मात्र पणती जवळ धरून बघायची. मग काजळीतून हळूच डोकवायच्या पाणवठ्यावरच्या बाया, बैलाला नाल ठोकणारा बाप्या, भाकरी पळवणारं कुत्रं आणि त्याच्यामागं फुंकणी घेऊन धावणारी म्हातारी.

जत्रा उद्यावर आली. पाटील नवस बोलले होते, नातू तापातून उठला तर देऊळ आतून-बाहेरून पांढरंशुभ्र करीन. नातू उठला. घमेल्यात चुना फसफसला. धोंडू चुनेवाल्यानं तीन भिंती उरकल्यासुद्धा.

"पाटीलबाबा, ही भिंत नका ना पांढरी करू! हिच्यात आपलं गाव आहे."

"गाव? मला तर तव्याचं बूड दिसतंय. सरक."

"देवाला रोज दिसावं म्हणून त्याच्यासमोर काढलंय हो!"

"देवाला शब्द दिलाय मी. भिंत सोडली अन् पोराला पुन्हा ताप भरला तर? तू बरा करशील?"

पाटील वाईट नव्हते, भ्यालेले होते. भ्यालेल्या माणसाला समजावणं म्हणजे दगडाला पाणी पाजणं.

धोंडू म्हणाला, "हे पान चघळून होऊ दे, मग घेतो हिला."

सगुणी धावत देवळामागच्या बागेत गेली आणि चाफ्याला मिठी मारून रडू लागली.

"रडून चुना थांबतो का गं, चिमणे?"

फांदीवर बोटाएवढी परी बसली होती. शिंपल्यासारखे झिलमिल पंख, कानात दवाचे डूल, चाफ्याच्या पाकळीचा पिवळाधमक घेर. हलली की चांदणचुरा सांडायचा.

"तू... परी?"

"मग काय, नाकतोडा? ऐक नीट. माझ्यापाशी तीन फुंकरी आहेत. कुणाचा हात मी धरत नाही, कुणाचं मन फिरवत नाही. भिंतीचे रंग परत आणीन, पण माझ्यापाशी रंग नाहीत. तुझे घेईन. अन् दिलेलं परत मिळणार नाही. चालेल?"

सगुणीनं डोळे पुसले. "चल!"

आत धोंडूनं पान थुंकलं होतं. कुंचा भिंतीवर फिरलाही. चित्राच्या कोपऱ्यातलं आंब्याचं झाड चुन्याखाली गेलं. गेलं ते गेलंच.

"लाल घे!" सगुणी ओरडली.

आईनं मोळ्या विकून जत्रेसाठी घेतलेला तिचा लालचुटुक परकर राखेसारखा झाला. परीनं फुंकर घातली, काजळी भुर्रकन उडाली. भिंतीवर पागोटी, कौलं, शालू लखलखले.

"चेटूक!" पाटील किंचाळले. "धोंडू, मार कुंचा!"

"हिरवा घे!"

हातातल्या बांगड्या पाण्यासारख्या फिक्या झाल्या. भिंतीवर शेतं डुलली, पोपट फडफडले. पण रेघाच नव्हत्या. नुसते डाग. माणूस कुठला, बैल कुठला, कळेना.

"हे गाव व्हय? रंग सांडलाय नुसता," पाटील म्हणाले. धोंडूचा कुंचा पुन्हा वर गेला. चुन्याचे थेंब टपटप खाली पडू लागले.

"रेघांना काळा लागतो," परी कानाशी कुजबुजली. "तुझे केस."

सगुणीनं वेणी गच्च धरली. गुडघ्यापर्यंत लांब, तुळतुळीत वेणी. तेवढंच तर तिचं होतं. पोरं हसतील, म्हातारी म्हणतील. कुंचा भिंतीपासून वीतभर राहिला.

"घे!"

वेणी पांढरी झाली. भिंतीवर मुंग्यांची रांग धावावी तशा काळ्या रेघा धावल्या. डोळे उघडले, शिंगं उमटली, कुत्र्याच्या तोंडात भाकरी आली.

धोंडूच्या हातून कुंचाच गळला. "अहो, ही आमची चुनाभट्टी! अन् हा भाता मारणारा आमच्यातलाच कुणीतरी!"

पाटील पुढं सरकले. चित्रात एक पागोटेवाला तान्ह्या बाळाला देवाच्या पायाशी ठेवत होता. पाटलांनी वळून देवाकडं बघितलं. देवाचे डोळे नेमके त्या बाळावर होते.

"हा रोज बघतोय आमच्या लेकरांकडं," ते खाली बसत म्हणाले, "अन् मी त्याच्या डोळ्यांपुढं चुना फासत होतो. पण नवसाचं काय रे, धोंडू?"

"देवळाभोवतीचा दगडी गडगा आहे की! तो करू पांढरा. देव काय फूटपट्टी घेऊन बसलाय?"

त्या दिवसापासून दिवे अंगणात गेले. भिंत जपायचं काम सगुणीला मिळालं आणि त्यासाठी सुगीला घरटी पायलीभर धान्य ठरलं. आईची मोळी सुटली.

पोरं मात्र हसलीच. "म्हातारी! म्हातारी!"

चाफ्याखाली सगुणीनं विचारलं, "परी, हे असंच राहणार?"

"दिलेलं परत देता येत नाही गं. पण वेडाबाई, केस आहेत ते. उगवतात!" परीनं तिच्या भांगावर ओठ टेकले. बाग सोनेरी उजेडानं काठोकाठ भरली, आणि उजेड ओसरला तेव्हा फांदीवर कुणी नव्हतं.

सकाळी आईनं वेणी सोडली. भांगाच्या कडेनं तिळाएवढा काळा कोंब फुटला होता.

गोष्ट झाली. देवळात गेलात तर भिंतीला हात लावू नका. बघायला डोळे दिलेत.