उरलेली तीन पानं

“उरलेली तीन पानं तरी निघतील का, मास्तर?”

हे विचारलं तेव्हा धैर्यशील मगदूम अजून दारातच उभा होता. हातात पाटीएवढं एक राखाडी यंत्र. त्यावर छोटा कीबोर्ड आणि वरच्या बाजूला अक्षरं दाखवणारी बोटभर पट्टी.

रंगरावांनी चष्मा वर सरकवला. इचलकरंजीत त्यांना सगळे तारमास्तर म्हणत. तारा बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या टेबलावर जुन्या विंडोजचा एक संगणक होता. गावातली म्हातारी यंत्रं फक्त त्याच्या मागच्या सिरियल पोर्टमधूनच बोलायची, म्हणून मास्तरांनी तो जपला होता.

“कुणाचं आहे?”

“आईचं.”

“आणि त्या…?”

“महिना झाला.”

मास्तरांनी खुर्चीवरचे कागद उचलले. धैर्यशील बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये आईचा आवाज गेला. पुढची अकरा वर्षं ती या यंत्रावर टाइप करून बोलली. बोलणं मराठीच, अक्षरं तेवढी इंग्रजी. यंत्रात शेवटची दहा पानं राहतात, आणि पान बाहेर धाडलं की यंत्र ते पुसून टाकतं.

“मग सात कुठं गेली?”

“मी घरी काढली.” धैर्यशीलनं मान खाली घातली. “नुसता कचरा आला. प्रश्नचिन्हं, मध्येच एखादं अक्षर.”

“वेग किती ठेवला होता?”

“सगळ्यात जास्त. बफरही फुल. मास्तर, पुण्यात संगणकाच्या कंपनीत माझ्या हाताखाली दोनशे माणसं आहेत. सिरियल पोर्ट मला माहीत आहे.”

माहीत असणाऱ्यांचंच असं होतं. ज्याला माहीत नसतं तो निदान विचारतो तरी.

मास्तर संगणकाकडे वळले. त्यांनी पोर्टच्या सेटिंग्ज उघडल्या, मग ॲडव्हान्स्डची खिडकी. तिथं दोन पट्ट्या होत्या, एक येणाऱ्या अक्षरांची, एक जाणाऱ्या. दोन्हींवरची खूण त्यांनी पार डावीकडे ओढली.

“हे काय? कमी करताय?”

“येणारी अक्षरं आधी एका टोपलीत पडतात, तोच तुमचा बफर. सोळा मावतात. तुम्ही संगणकाला सांगितलंत, टोपली भरत आली की मग ऊठ. तो उठून येईपर्यंत पुढची अक्षरं खाली सांडली.”

“आणि आता?”

“आता एक अक्षर पडलं तरी उठेल.”

मग त्यांनी वेग अगदी खाली, तीनशेवर आणला. यंत्रावर आणि संगणकावर, दोन्हीकडे.

“तीनशे? मास्तर, फार वेळ लागेल.”

मास्तरांनी वायर हातात घेतली.

“कुठं जायचंय?”

धैर्यशील बसला.

“पान संपलं की यंत्र आकडा दाखवतं,” मास्तर वायर जोडता जोडता म्हणाले. “किती अक्षरं धाडली त्याचा. आम्ही तारेतले शब्द मोजायचो, तसंच. आलेली अक्षरं त्याच्याशी जुळली पाहिजेत. घरी बघितला होता आकडा?”

“नाही.”

पहिलं पान धाडलं. पडद्यावर एकामागून एक इंग्रजी अक्षरं उमटू लागली, वाचलं की मराठी.

कुसुम, उद्या अर्धा लिटर दूध जास्त सांग. धैर्या येतोय.

“शेजारच्या काकू,” धैर्यशील पुटपुटला. मास्तरांनी आकडा पाहिला. जुळला होता.

दुसरं पान.

कुसुम, जास्तीचं दूध तूच घे. त्याला काम आलं.

हाही आकडा जुळला. धैर्यशीलनं दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून धरले. शेजारच्या कारखान्यात मागांचा खडखडाट चालू होता.

“शेवटचं धाडू?”

“धाडा.”

धैर्या, मला तुला

धैर्या, मला असं

ऐक ना, मला

धैर्या, परवा रात्री मला

धैर्या

अक्षरं थांबली. दोघंही वाट पाहत राहिले… काही आलं नाही.

धैर्यशील ताडकन उठला. “सांडलं! मास्तर, इथंही सांडलं! एकेक ओळ अर्धीच आलीय. एवढा वेग कमी करून काय उपयोग झाला? आता यंत्रानं तेही पान पुसलं असणार!”

“पुसलं.”

“मग?”

मास्तरांनी यंत्र त्याच्यासमोर धरलं. पट्टीवर आकडा होता त्र्याऐंशी. मग पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथंही त्र्याऐंशी.

“एकही अक्षर सांडलेलं नाही. त्यांनी एवढंच टाइप केलंय.”

“असं कसं? कुणी प्रत्येक वाक्य अर्धवट…”

तो बोलता बोलता थांबला. हळूच खुर्चीत टेकला.

“ती एका बोटानं टाइप करायची,” तो म्हणाला. “फार वेळ लागायचा. मी शेजारी बसायचो. दोन शब्द वाचायचो आणि…”

“आणि?”

“म्हणायचो, कळलं, आई. आणि उठायचो.”

मग तो रडला. महिनाभर त्याला रडू आलं नव्हतं, स्मशानातसुद्धा नाही. आता मात्र तो दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडला, आणि मास्तरांनी त्याला थांबवलं नाही.

त्यांनी वायर काढली. गुंडाळून ठेवली. रिकामं झालेलं यंत्र उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

“मास्तर…” त्यानं डोळे पुसले. “काय सांगायचं असेल हो तिला?”

मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

“मला कसं ठाऊक असणार, बाळ? कळलं तर तुला होतं.”