बोटे विणकरणीची, भाव शेजारणीचा

पूर्वी शूर्पारक नगरावर अरिंदम राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व तिथल्या बाजारात दलाल होऊन जन्मला होता. रुमालाखाली हात धरून भाव ठरवायची तिथली रीत. जितकी बोटे धरावीत, तितकी नाणी. सौदा पटला तरच दलाली मिळे.

त्या वर्षी सुतारांनी बैलावाचून, नदीच्या धारेवर फिरणारा रहाट बनवला आणि त्या धंद्यातले वाटे विकायला काढले. सुगीत दोन नाण्यांना मिळणारा वाटा आता नऊला पोचला. वर्षभरात एवढा भाव कुणी पाहिला नव्हता. दोनच्या वेळी नाक मुरडणाऱ्या रोहिता विणकरणीला नऊ झाल्यावर मात्र तो हवाहवासा वाटू लागला. माणसाचे हे असेच असते. घरातला एकुलता माग विकायचे ठरवून ती बोधिसत्त्वाकडे आली.

रुमालाखाली तिने आधी पाच, मग चार बोटे धरली. "दहा वाटे द्या, दादा."

बोधिसत्त्वाने हात सोडवून घेतला. "बाई, बोटं तुझी, पण भाव शेजारणीचा दिसतो."

रोहिता ओशाळली. शेजारच्या धनमित्तेने आपला माग विकून कालच नऊने वाटे घेतले होते.

"रहाट पाहिलास का?"

"नाही हो. भाव तेवढा रोज पाहते."

तो तिला नदीवर घेऊन गेला. रहाट झोकात फिरत होता, पाटाचे पाणी केळीत खेळत होते. रोहिता हरखली. "मग घेऊ ना?"

"रहाट उत्तम आहे. पण काठाला मळे किती?"

तिने नजर फिरवली. "अकरा."

"आणि भाव चढलाय तो शंभर रहाट खपतील या आशेवर. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. पैसा बुडाला तरी चूल पेटेल, एवढ्याचंच घे."

रोहिताने माग न विकता एकच वाटा घेतला. बोधिसत्त्वाची नऊ वाट्यांची दलाली बुडाली.

पंधरवड्यात भाव अकरा झाला. धनमित्ता पाणवठ्यावर चिडवू लागली, "दलालानं तुला चांगलंच बनवलं." रोहिता रागारागाने विणत राहिली, त्या रागात दोन लुगडी जास्त झाली. मग शेजारच्या नगरातले सुतारही तसलेच रहाट करू लागले आणि भाव तिनावर आला. मागही गेला, पैसाही गेला, म्हणून धनमित्ता रडत बसली. रोहिता तिला हात धरून घरी घेऊन आली. "बस माझ्या मागावर. सकाळ तुझी, दुपार माझी."

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, ती धनमित्ता म्हणजे दुसऱ्याचे चीवर पाहून आपले बदलायला निघालेला हा सोणक. रोहिता म्हणजे संघासाठी वस्त्र विणणारी उपासिका नंदिया. दलाल मीच होतो. आपला लाभ बुडत असतानाही समोरच्याला खरे सांगणे, ही सत्यपारमिता."

सोणक सर्वांआधी हसला.