फळीवरचा खिळा

फार फार मागची गोष्ट. दोन राज्यांच्या मधे डोंगर होता, डोंगरात खिंड होती आणि खिंडीत जकातीची चौकी होती. पलीकडच्या बायका सुयांवर लोकरीचे कपडे विणायच्या आणि गाठोडी बांधून अलीकडे विकायला आणायच्या.

राजाचा कायदा साधा होता. मोठ्या माणसाच्या कपड्याला जकात, लेकराच्या कपड्याला माफी. ओळखायचं कसं? चौकीत एक फळी होती, फळीवर खिळा ठोकलेला. कपडा फळीच्या कडेला लावून अंथरायचा. खिळ्याच्या आत राहिला तर लेकराचा, पलीकडे गेला तर मोठ्याचा.

आता बघा, हा कायदा करणाऱ्या शहाण्यांनी जन्मात फक्त मागावरचं कापड पाहिलेलं. ते ओढलं तरी वाढत नाही. सुयांवरची वीण तशी नसते. ओढाल तेवढी येते.

जकातदार लाचखाऊ नव्हता, हे आधीच सांगते. पहिल्यांदा त्यानं एका अंगड्याची नुसती सुरकुती काढली. टोक खिळ्याला टेकलं. पुढच्या खेपेला जरा ताणलं. टोक पलीकडे गेलं. खजिना फुगला तसं राजानं त्याला दरबारात बोलावलं आणि खांद्यावर जरीचा शेला घातला. मग काय, शेला मिळाल्यावर ह्याचे हात आणखी लांब झाले.

थंडीच्या तोंडाला एक बाई आली. गाठोड्यात सगळी तान्ह्या बाळांची अंगडी.

"खाली गावात पाळणे भरलेत, दादा," ती म्हणाली. "बायकांनी सांगून ठेवलंय."

जकातदारानं एक अंगडं घेतलं, वरचं टोक अंगठ्यानं दाबलं आणि खालचं ओढलं. गेलं खिळ्यापलीकडे.

"मोठ्याचं."

बाई फळीकडे बघत राहिली. "माझा कान ओढून बघा. तोही हत्तीचा निघेल."

दारातला शिपाई हसला. जकातदार हसला नाही. "जकात भर, नाहीतर परत फिर."

"मोठ्याची जकात भरून बाळाचं अंगडं विकू कुणाला? त्या भावात घेईल कोण?"

"ते मी कशाला बघू? माप बोलतंय."

"माप नाही बोलत. तुमचा हात बोलतोय." तिनं ते ताणलेलं अंगडं फळीवरच टाकलं. "हे आता ना बाळाच्या कामाचं ना बापाच्या. ठेवा तुम्हालाच."

गाठोडं डोक्यावर घेऊन ती आली तशी गेली. तिचं ऐकून पलीकडच्या दुसऱ्या बायकाही फिरकल्या नाहीत. मग बर्फ पडलं आणि खिंड बंद झाली.

त्याच थंडीत खाली गावात जकातदाराची लेक बाळंत झाली. पोर दिवस भरायच्या आधीच आली, मुठीएवढी. साऱ्या गावात बाळाचं लोकरीचं म्हणाल तर एकच, चौकीत पडलेलं ते अंगडं. त्यानं धावत जाऊन ते आणलं. पण गळा असा सैल, की पोर खांद्यांसकट बाहेर आणि वारा आत.

"आटवा की आता," बायको म्हणाली. "ताणायला येतं तर आटवायलाही येत असेल."

त्यानं खरंच ते उकळत्या पाण्यात घातलं. आटलं, पण जुन्या घोंगडीच्या तुकड्यासारखं ताठ झालं. बाही वाकेना.

त्यानं खुंटीवरच्या शेल्याला हात घातला.

"गुंडाळा," बायको म्हणाली. "जरीनं सोलून निघू द्या पोरीला."

मग त्यानं सदरा काढला, नातीला उघड्या छातीशी धरलं, वरून स्वतःची घोंगडी ओढली आणि चुलीपाशी बसला. सारी थंडी तसाच बसून राहिला. पोर जगली.

पण असं बसून राहायला सगळ्यांनाच कुठे जमतं? गावात बाकीची सगळी हातावर पोट असलेली माणसं. उजाडलं की कामाला जायची. काही पाळणे रिकामे झाले. किती ते मी सांगत नाही. जकातदाराला ठाऊक होतं, प्रत्येक घरचं रडणं त्याच्या चुलीपर्यंत ऐकू यायचं.

बर्फ वितळलं. बाई पुन्हा आली. तिनं एक अंगडं फळीवर अंथरलं आणि मागे सरली.

"ओढा," ती म्हणाली.

जकातदारानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. अंगडं खिळ्याच्या पुष्कळ आत पडलं होतं.

"लेकराचं आहे," तो म्हणाला.

बाईला त्याच्या छातीशी बांधलेल्या घोंगडीतून डोकावणारी इवलीशी टाळू दिसली. तिनं गाठोड्यातून एक अंगडं काढून त्याच्यापुढे ठेवलं. "हिला घाला. आणि खाली किती लागतील?"

त्यानं मान खाली घातली. "मागं आणली होतीस त्याहून कमी."

बाईनं गाठोडं उचललं आणि उतरणीला लागली.

तेव्हापासून त्या खिंडीत कपडा आणणाऱ्यानंच फळीवर अंथरायचा आणि जकातदारानं हात पाठीमागे बांधून बघायचं, अशी रीत पडली.

तात्पर्य एवढंच: मोजणाऱ्यानं ओढायचं नसतं, ओढून काढलेलं माप आधी दुसऱ्याच्या लेकराला उघडं पाडतं, मग आपल्या.