राजेसाहेबांची रेलायची सायकल

मागे रेलून चालवायच्या सायकली दाखवताना दुकानदार भांबुरेशेट अडचणीत आले. राजेसाहेबांनी नेमकी जमिनीलगतची, शर्यतीची सायकल निवडली होती. “हिच्यावरून उद्या बाजारात फिरणार!”

मोकळ्या सडकेवर ठीक. पण बाजारात एवढ्या खाली रेललेले सरकार गाडीवानांना दिसणार कसे? ‘नको’ म्हणावं तर अपमान, ‘घ्या’ म्हणावं तर अपघात. दोन्हीकडे मान आपलीच जाणार!

घाम पुसत शेट म्हणाले, “झकास निवड, सरकार! फक्त एकच धास्ती. मुजरा करताना मान सरकारांपेक्षा खाली हवी, हा आपला रिवाज. उद्या गाडीवान उतरून रस्त्यावर पालथे पडतील. मग बैलांना आवरायचं कोणी?”

राजेसाहेबांनी मानेवरून हात फिरवला.

“ती उंच बैठकीची काढा.”