भोपळ्याला लावलेला कान

“पण मुलांना त्यातलं कळणार काय, बुवा?”

नदीकाठच्या मठात त्या संध्याकाळी विश्वंभरची गाण्याची पहिली बैठक होती. शहरातून जाणकार मंडळी यायची होती. विणकरांच्या वस्तीतली मुलं सकाळीच येऊन, आम्हीही ऐकायला येऊ का, असं विचारून गेली होती. तंबोऱ्यासारखं काही त्यांनी पाहिलं होतं ते फक्त तसबिरीतल्या सरस्वतीच्या हातात.

“चुळबुळ करतील, मधेच उठतील,” विश्वंभर म्हणाला. “गाढवाला गुळाची चव काय.”

त्याचे गुरू गंगाधरबुवा सुपारी कातरत होते.

“कधी घालून पाहिलास गूळ?”

 विश्वंभरचा गळा गोड होता, आणि ही गोष्ट गावाच्या आधी त्यालाच कळली होती. पण आज बैठक बिघडली तर पुन्हा कोण बोलावणार, ही धास्तीही खरी होती.

“ज्याला गाण्यातलं कळतं त्यानंच आत बसावं,” तो अखेर म्हणाला.

“बरं. बैठक तुझी.”

संध्याकाळी सभामंडप भरला. मुलं आली, त्यांना दारातूनच अंगणात परतवलं गेलं. विश्वंभर गादीवर बसला. गाण्याआधी गुरूकडे वळून आज्ञा घ्यायची, त्याशिवाय सूर लावायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत.

तो वळला...

बुवांची जागा रिकामी होती. मागचा एक तंबोराही दिसेना.

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. विश्वंभर घाम पुसत उठला आणि बाहेर आला.

बुवा अंगणात मुलांच्या घोळक्यात बसून तंबोरा छेडत होते. यल्लवा नावाची एक चिमुरडी भोपळ्याला कान लावून होती.

“आजा, ह्यो आवाज कुठनं येतोय?” तिनं विचारलं.

“मीही तेच शोधतोय,” बुवा म्हणाले.

“बुवा, आत चला. सगळे खोळंबलेत.”

“कळतं त्यानं आत बसावं, असं तूच म्हणालास ना?”

“मग तुम्ही इथं...?”

“या पोरीला मला उत्तर देता आलं नाही. तू दे.”

विश्वंभर घाईत होता. “तारेतून येतो,” तो म्हणाला.

यल्लवानं विचार केला.

“मग भोपळा का थरथरतोय?”

विश्वंभरनं भोपळ्याकडे पाहिलं.

हा तंबोरा त्यानं खांद्यावरून वाहिला होता, रोज पहाटे जुळवला होता. त्याच्या भोपळ्याला कान मात्र कधी लावला नव्हता. तो खाली बसला. यल्लवानं सरकून त्याला जागा करून दिली.

बुवांची बोटं तारांवरून फिरली.

बराच वेळ तो भोपळ्याला कान लावून ऐकत राहिला. एकही मूल हललं नाही. सगळी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“कळलं का वो?” यल्लवानं हळूच विचारलं.

“नाही गं,” विश्वंभर म्हणाला, आणि त्याला फार बरं वाटलं.

मग तो उठला.

“बुवा, यांना आत नेतो. पुढं बसवतो.”

“थांब,” बुवा म्हणाले. “आधी आतल्यांना विचारून ये... त्यांना बाहेर यायचंय का.”